लेखनसीमा आणि अवतरणचिन्ह : एसक्यूएलमधील मजकूरमूल्यांच्या लेखनपद्धतीचा इतिहास, डहाणू-तलासरीच्या नामलेखनाच्या संदर्भात

एकाच कागदावर आज्ञा आणि मजकूर अशा दोन्ही गोष्टी उतरू लागल्या म्हणजे मजकूर कोठे संपतो व आज्ञा कोठे सुरू होते हा प्रश्न उपस्थित होतो. संगणकातील डेटाबेसला आज्ञा देण्याची जी एसक्यूएल नावाची भाषा गेल्या अर्धशतकात सर्वत्र रूढ झाली, तिच्यात हा प्रश्न रोज उद्भवतो. ‘खातेदारांच्या तक्त्यातून झरी या गावची नावे काढा’ एवढेच सांगावयाचे असले, तरी त्या वाक्यातील ‘काढा’ हा शब्द यंत्राने पाळावयाची आज्ञा असते आणि ‘झरी’ हे केवळ जसेच्या तसे जपावयाचे अक्षररूप मूल्य असते. अशा मूल्याला त्या भाषेत लिटरल म्हणतात. ते दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये लिहावयाचे असते:

सिलेक्ट नाव फ्रॉम खातेदार व्हेअर गाव = 'झरी'

वरवर पाहता हा लेखनिकाचा किरकोळ नियम वाटतो. तथापि ज्या प्रदेशात माणसाचे नाव बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून कागदावर आले, तेथे या नियमाचा इतिहास किरकोळ राहत नाही. डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे दोन तालुके असे आहेत. वारली बोलीला स्वतःची लेखनपरंपरा नव्हती. तिच्यातील माणसांची आणि पाड्यांची नावे मराठी कारकुनाने मोडीत, इंग्रज अधिकाऱ्याने रोमन लिपीत आणि गुजराती व्यापाऱ्याने आपल्या वहीत, ज्याला जशी ऐकू आली तशी लिहिली. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या नावाचे काय होते, हे पाहण्यास याहून योग्य क्षेत्र कोकणात क्वचितच सापडेल.

मजकुराची सीमा आखण्याची चिंता मराठी दप्तराला नवी नाही. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटविली जाई. पेशवाईतील पत्रांवर ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सूद’ असे शिक्के येतात. या शिक्क्यांना केवळ शोभेचे मानणे चूक होय. शिक्क्याच्या पलीकडे जे लिहिले असेल ते धन्याचे नव्हे, हा त्यांचा स्पष्ट अर्थ होता. लांब कागद चिकटवून केलेला असला तर सांध्यावरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. खतपत्रांत रक्कम आकड्यात, मग अक्षरी आणि त्यापुढे ‘निमे’ म्हणून तिच्या निम्म्याचा आकडा, असे लिहिण्याची पद्धत याच जातीची आहे. शंभराच्या पुढे एक शून्य वाढविणे सोपे असते, परंतु ‘निमे पन्नास’ हे शब्द त्या शून्याला साक्ष देत नाहीत. एका मूल्याचे रक्षण त्याच मूल्याच्या दुसऱ्या लेखनाने करावयाचे, ही युक्ती पुढे अगदी निराळ्या ठिकाणी पुन्हा भेटते.

शेवट दाखविणारी ही परंपरा एका बाबतीत मात्र अपुरी होती. मोडीत विरामचिन्हे नव्हती आणि शब्दही बहुधा तोडून लिहीत नसत. दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले हे संस्कृतात ‘इति’ने आणि मराठीत ‘असे’, ‘ऐसे’, ‘म्हणून’ या शब्दांनी कळे. ते कोठे सुरू झाले हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडावयाचे. उघडणारे आणि मिटणारे, असे जोडीचे अवतरणचिन्ह मराठीत आले ते एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर. इंग्रजी विरामचिन्हांची पद्धत मराठीत रुजविण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना देण्यात येते. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही मोडी फारसा पाळीत नसे. त्यामुळे मोडीतून बाळबोधीत उतरताना एकाच नावाची दोन रूपे होणे स्वाभाविक होते. वाचणाऱ्या माणसाला ‘डहाणु’ आणि ‘डहाणू’ ही एकच वाटतात. यंत्र ती दोन मानते.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात या लेखनव्यवहाराला आणखी एक बाजू होती. निरक्षर शेतकऱ्याने सहीच्या जागी नांगराची निशाणी करावी, ही जुनी रीत. पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. निशाणी माणसाची, पण तिच्या वरचा मजकूर दुसऱ्याचा. १९३९ साली सिमिंग्टन यांनी मुंबई इलाख्यातील आदिवासी प्रदेशाविषयी सरकारला सादर केलेल्या अहवालात सावकार-जमीनदारांच्या कर्जात बांधल्या गेलेल्या लग्नगड्यांची जी स्थिती नोंदली आहे आणि गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथात जिचे वर्णन केले आहे, तिच्या मुळाशी वेठ व दारिद्र्य होते, हे खरेच. परंतु हिशेब लिहिणारा एक आणि त्याखाली अंगठा देणारा दुसरा, ही गोष्टही त्या व्यवस्थेची एक तुळई होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला, त्या लढ्याचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की ‘माझे नाव कोणत्या वाक्यात बसविले आहे?’ हा प्रश्न या भूमीत केवळ व्याकरणाचा नव्हता.

सरकारलाही हा धोका ठाऊक होता. दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली जो शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तरतूद होती. हा कायदा मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. परंतु त्यामागील विचार लक्षणीय आहे. सावकाराच्या कागदातील एकेक शब्द तपासत बसण्यापेक्षा लिहिणाराच बदलावा, असा तो विचार होय.

महसुली दप्तरात याहून निराळा उपाय हळूहळू रूढ झाला होता. तो म्हणजे छापील नमुना. गाव नमुना सात-बारामध्ये खातेदाराचे नाव एका आखलेल्या रकान्यात लिहिले जाते. त्या रकान्यात काहीही लिहिले तरी ते नावच ठरते. ते आज्ञा होऊ शकत नाही. याउलट गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, वाक्यांत लिहिली जाते. अमक्याने तमक्यास अमुक गट विकला, वारसांची नावे अशी, सबब नोंद केली. येथे नावे वाक्यात ओवलेली असतात आणि एक नाव कोठे संपून दुसरे कोठे सुरू होते हे वाचणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहते. रकाना आणि वाक्य यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

एसक्यूएल ही भाषा वाक्याच्या कुळातील आहे, आणि तिच्या पुष्कळ अडचणींचे मूळ येथेच सापडते. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ नावाची भाषा सुचविली. गणिती न जाणणाऱ्या माणसालाही वाचता यावी, इंग्रजी वाक्यासारखी दिसावी, असा तिचा हेतू होता. ते नाव दुसऱ्या कंपनीचे व्यापारचिन्ह असल्यामुळे पुढे एसक्यूएल झाले. १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाणीकरण झाले. कल्पना तक्त्याची, रकान्यांची. तिच्याशी बोलण्याची भाषा मात्र वाक्याची. हा विसंवाद तिच्या जन्मापासूनचा आहे.

मजकुरासाठी एकेरी अवतरणचिन्ह निवडताना त्या मंडळींनी पीएल-वन आदी समकालीन भाषांतील प्रघातच उचलला असावा. पण हे चिन्ह निर्दोष नव्हते. १९६३ साली प्रमाणित झालेल्या आस्की संकेतावलीत एकाच चिन्हाकडे दोन-तीन कामे सोपविली होती. तेच मिटणारे अवतरणचिन्ह आणि तेच इंग्रजीतील अक्षरलोप दाखविणारे अपॉस्ट्रॉफी. मजकुराची सीमा दाखविणारे चिन्ह मजकुरातही येऊ शकते, असा पेच त्यामुळे उत्पन्न झाला. त्यावर नियम ठरला तो असा: मजकुरात ते चिन्ह आले तर ते दोनदा लिहावे. दोन सलग चिन्हे दिसली की यंत्राने मजकूर मिटला असे न समजता मजकुरातील एक चिन्ह समजावे. ‘निमे’च्या युक्तीशी या द्विरुक्तीचे नाते उघड आहे, यद्यपि दोहोंचा हेतू अगदी एकच नाही.

याला पर्याय नव्हता असे मात्र नाही. फोरट्रान या त्याहून जुन्या भाषेत मजकूर लिहिण्याची निराळीच तऱ्हा होती. तीत आधी अक्षरांची संख्या सांगावयाची, मग ‘एच’ हे अक्षर आणि मग तितकीच अक्षरे. सहा म्हटले की पुढची सहा अक्षरे मजकूर. त्यांत अवतरणचिन्ह असो वा आणखी काही, यंत्राला विचारण्याचे कारण नाही. यात सीमाचिन्हच नसल्यामुळे सीमाचिन्हाचा घोटाळाही नाही. हाताने अक्षरे मोजण्याचा त्रास मोठा असल्याने ही रीत मागे पडली आणि पुढच्या फोरट्राननेही अवतरणचिन्हाची व द्विरुक्तीची वाट धरली. सोयीसाठी सोडून दिलेली ही पद्धत कालांतराने परत कशी आली, ते पुढे येईलच.

द्विरुक्तीचा नियम न पाळल्यास काय होते, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आयरिश आडनावांचे असते. उत्तर कोकणात त्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, आणि डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे आजही पालघर जिल्ह्यात आहेत. रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. हे नाव कच्चे तसेच आज्ञेत बसविले तर यंत्राच्या मते मजकूर ‘डी’पाशीच संपतो आणि ‘सोझा’ ही अनोळखी आज्ञा ठरून सगळे वाक्यच नाकारले जाते. देवनागरीत ‘डिसोझा’ लिहिताना ते चिन्ह गळून पडते. यावरून मराठी मजकुराला या पेचाचा उपद्रव नाही, असा समज होणे शक्य आहे. वस्तुस्थिती उलट आहे, आणि या इतिहासातील अत्यंत उद्बोधक भाग हाच होय.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर मराठी लिहिण्याचे दोन मार्ग होते. एक इस्कीचा, म्हणजे १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या संकेतावलीचा. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट तंत्राने तो वापरात आला. दुसरा मार्ग फॉन्टचा. यात संगणकाला मराठी कळतच नसे. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. कृतिदेव या सर्वत्र पसरलेल्या फॉन्टमध्ये ‘श’चा अर्धा आकार नेमका एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी आणि ‘ष’चा अर्धा आकार दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी बसविलेला आहे. पडद्यावर ‘शंकर’ दिसे, पण डेटाबेसकडे जाणाऱ्या मजकुराचे पहिलेच चिन्ह अवतरणचिन्ह असे. मजकूर सुरू होण्यापूर्वीच मिटला! वारांवरून पडलेली नावे डहाणू-तलासरीत आढळतात. त्यांपैकी ‘सोम्या’ आणि ‘मंगळ्या’ बिनबोभाट नोंदले जावेत आणि ‘शनवार’ व ‘शुक्र्या’ यांच्यापाशी आज्ञावलीने अडावे, असा विलक्षण भेद त्यामुळे संभवतो. चूक नावात नसते, लिहिणाऱ्यातही नसते. ती दृश्य अक्षर आणि साठविलेले चिन्ह यांच्या फारकतीत असते. ज्याला ही फारकत ठाऊक नाही अशा लेखनिकाने ‘श’ टाळून ‘स’ लिहून वेळ मारून नेली, तर नाव कायमचे बदलते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरीला तीत स्वतंत्र जागा मिळाली. ‘श’ आता ‘श’च राहिला. पण एका अडचणीच्या जागी दुसरी आली. १९९२ च्या एसक्यूएल मानकात राष्ट्रीय लिपींच्या मजकुरासाठी अवतरणचिन्हापूर्वी ‘एन’ हे अक्षर लावण्याची सोय करण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये या एका अक्षराला फार महत्त्व आले. ते नसेल तर तो डेटाबेस लिटरलला आपल्या जुन्या, आठ बिटांच्या संकेतावलीत बसवू पाहतो. रोमन, ग्रीक, रशियन लिपींना अशा संकेतावली होत्या. देवनागरीला विंडोजने ती कधीच दिली नाही. ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह मांडले जाते. ‘डहाणू’ या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने ड, ह, काना, ण आणि दीर्घ उकार असे पाच घटक आहेत. ‘एन’ विसरल्यास तेथे पाच प्रश्नचिन्हे उमटतात. ‘पालघर’चीही पाचच होतात. ‘तलासरी’ आणि ‘चिंचणी’ यांची प्रत्येकी सहा. जिल्हा आणि तालुका, तालुका आणि गाव यांत भेद उरत नाही.

या दोषाचे गांभीर्य असे की तो बोलत नाही. अपॉस्ट्रॉफीच्या चुकीने आज्ञा निदान नाकारली जाते, कोणाला तरी कळते. येथे आज्ञा यशस्वी होते, नोंद झाल्याचे उत्तर येते आणि मूळ अक्षरे नाहीशी होतात. प्रश्नचिन्हांवरून ती परत काढण्याची कोणतीही रीत नाही. रकाना युनिकोडचा असला तरी उपयोग नाही, कारण मजकूर तेथे पोचण्यापूर्वीच नष्ट झालेला असतो. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ संकेतावली निवडता येऊ लागल्याने ही अडचण टळू शकते. पण ती निवडावी लागते.

लांबीचा प्रश्नही याच वेळी उद्भवला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. ‘डहाणू’चे पंधरा, ‘तलासरी’चे अठरा. रोमनमधील ‘डहाणू’ सहा बाइटांत मावते म्हणून कोणी गावाच्या नावाला दहा बाइटांचा रकाना ठेवला, तर मराठी नाव त्यात मावणार नाही. ऑरेकलमध्ये रकान्याची लांबी निराळे सांगितले नाही तर बाइटांतच मोजली जाते. त्याच डेटाबेसचा आणखी एक विशेष असा की तो रिकाम्या अवतरणचिन्हांना ‘मूल्यच नाही’ असे समजतो. आडनाव नसणे आणि आडनाव माहीत नसणे हा भेद त्यात उमटत नाही. नावांचा अभ्यास करणाऱ्यास ही उणीव जाणवल्याखेरीज राहत नाही.

लिटरल शुद्ध लिहिले म्हणजे नाव सापडेलच असेही नाही. वारली चित्रकलेला जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले आणि २०१८ साली दिवंगत झालेले जिव्या सोमा म्हसे यांचे नाव घ्यावे. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा, वास्तव्य डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्याचे. त्यांचे आडनाव मराठी छापील मजकुरात ‘म्हसे’ असेही आढळते आणि ‘मशे’ असेही. वडिलांचे नाव ‘सोमा’ आणि ‘सोम्या’ अशा दोन्ही रूपांत मिळते. समोर बसलेल्या माणसाला यात शंका येत नाही. अवतरणचिन्हांतील मजकूर मात्र एकेका घटकाने ताडून पाहिला जातो आणि ‘म्हसे’ विचारल्यास ‘मशे’ हाती लागत नाही. याहून सूक्ष्म असा भेद ‘ऱ’चा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एक स्वतंत्र घटक म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. छापून दोन्ही सारखीच दिसतात. आधी एकरूप करून घेतली नाहीत तर यंत्र त्यांना बहुधा भिन्न ठरविते. मोडीने ऱ्हस्वदीर्घाचा भेद पुसला होता. येथे जो भेद डोळ्याला दिसत नाही तो पाळला जातो.

येथवर वर्णिलेल्या चुका अजाणतेपणाच्या होत. १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या चौपन्नाव्या अंकात जेफ फोरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात जाणूनबुजून केलेल्या चुकीचे सामर्थ्य दाखविले. संकेतस्थळावरील चौकटीत गावाचे नाव विचारले असता कोणी ‘झरी’ न लिहिता झरी, मग अवतरणचिन्ह आणि त्यापुढे आपली आज्ञा लिहिली, तर तयार होणारे वाक्य असे होते:

व्हेअर गाव = 'झरी' ऑर 'अ' = 'अ'

‘अ’ हा ‘अ’ असतोच. म्हणून एका गावाऐवजी सर्व गावांच्या नोंदी बाहेर येतात. उत्तर देणाऱ्याने आपल्या उत्तरात प्रश्नकर्त्याचीच आज्ञा बदलली. लेखनसीमेच्या शिक्क्यापलीकडे भर घालण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे शिक्का भर घालणाऱ्याच्याच हाती दिलेला होता.

त्यावर सुचविलेले पहिले उपाय मजकूर धुऊन काढण्याचे होते. पीएचपी भाषेत बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी आपोआप तिरकी रेघ घालण्याची सोय होती. परिणाम असा झाला की पुष्कळ ठिकाणी ती रेघ नावाचा भाग होऊनच साठविली गेली. २०१२ साली ती सोय भाषेतून काढून टाकण्यात आली. ही उलटी तिरकी रेघ स्वतःच एक उपद्रव आहे. मानक एसक्यूएलमध्ये तिला विशेष अर्थ नाही. मायएसक्यूएलमध्ये मात्र आहे, आणि पोस्टग्रेसमध्येही २०११ पर्यंत सर्वसाधारणतः होता. भूमापन क्रमांक पंचेचाळीस, हिस्सा दोन हा ‘४५/२’ असा लिहितात. लिहिणाऱ्याने घाईत सरळ रेघेऐवजी उलटी रेघ दिली आणि तो मजकूर मायएसक्यूएलच्या लिटरलमध्ये तसाच गेला, तर निरर्थक मानून ती रेघ गाळली जाते आणि ‘४५२’ उरते. कोणतीही तक्रार न येता जमीन दुसऱ्याच भूमापन क्रमांकात जाते. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ चा मार्ग धरावा लागतो. गाळलेल्या एका रेघेचे ओझे यंत्रावर पडत नाही. ते तालुक्याच्या कचेरीत खेपा घालणाऱ्यावर पडते.

मजकूर धुण्याचा मार्ग किती अपुरा, हे २००६ साली आणखी स्पष्ट झाले. पूर्व आशियातील काही संकेतावलींत दोन बाइटांच्या अक्षराचा दुसरा बाइट तिरक्या रेघेचाच असू शकतो. त्यामुळे रक्षणासाठी घातलेली रेघ मागच्या बाइटाशी मिळून एक अक्षर बनते आणि अवतरणचिन्ह मोकळे राहते. पहारेकऱ्यालाच चोराने आपल्या वेषात सामावून घ्यावे, तसे हे झाले.

खरा उपाय लिहिण्याची रीत बदलण्याचा होता, आणि आश्चर्य असे की तो जुनाच होता. आज्ञा आधी ‘तयार’ करावी, मूल्याच्या जागी रिकामे स्थान ठेवावे आणि मूल्य मागाहून स्वतंत्रपणे पाठवावे, ही कल्पना आयबीएमच्या सत्तरच्या दशकातील प्रयोगांतच होती. १९९२ च्या मानकात ती आहे. त्यानंतरच्या ओडीबीसी आणि जेडीबीसी या जोडणीपद्धतींनी ती सर्वांच्या हाती दिली. या रीतीत वाक्याचा अर्थ मूल्य येण्यापूर्वीच लावलेला असतो. मागाहून आलेल्या मूल्यात अवतरणचिन्ह असो, तिरकी रेघ असो की ‘ऑर’ असो, ते मूल्यच राहते. पोस्टग्रेसच्या २००३ पासूनच्या संदेशपद्धतीत प्रत्येक मूल्यापूर्वी त्याची बाइटांतील लांबी पाठविली जाते आणि मग तितकेच बाइट. फोरट्रानने सोडून दिलेली मोजणीची रीत परत आली ती अशी; मोजण्याचे काम तेवढे माणसाकडून यंत्राकडे गेले. दप्तराच्या भाषेत बोलावयाचे तर फेरफाराच्या वाक्यातून नाव काढून ते सात-बाराच्या रकान्यात नेले गेले. १८७९ च्या कायद्याने लिहिणारा निराळा केला होता; येथे लिहिण्याची वेळच निराळी केली.

असे असता लिटरल लिहिण्याची कला कालबाह्य झाली, असे काही आज्ञावलीकार मानतात. हे मत घाईचे आहे. डेटाबेसची प्रत काढून ती दुसरीकडे न्यावयाची असली म्हणजे सर्व नोंदी पुष्कळदा अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणूनच लिहिल्या जातात. हजारो नावे आज्ञांच्या वाक्यांत ओवली जातात. एकदाच करावयाच्या मोठ्या दुरुस्त्याही याच मार्गाने होतात. १ मे १९६० रोजी राज्यांची विभागणी होऊन उंबरगाव तालुक्यातील पुष्कळ गावे गुजरातेत गेली आणि उरलेल्या गावांचा तलासरी महाल झाला, तेव्हा बदल कागदावर शाईने झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला आणि डहाणू व तलासरीसह आठ तालुके त्यात गेले, तेव्हा संगणकावर या तालुक्यांपुढे ‘ठाणे’ लिहिलेले असलेल्या प्रत्येक तक्त्यात ते मूल्य बदलणे भाग होते. अशा आज्ञेत नवे नाव लिटरल म्हणूनच येते. तेथे तालुक्यांची अट वगळली तर सारा ठाणे जिल्हा ‘पालघर’ होईल. ‘एन’ वगळला तर पाच प्रश्नचिन्हे होतील.

वनहक्क अधिनियम, २००६ खाली मिळणारा हक्क विवाहित दावेदाराच्या बाबतीत पती आणि पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावयाचा असतो. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे होते. तेथे नाव उच्चारले जाते, ऐकणारे त्या माणसाला ओळखत असतात, आणि मग ते लिहिले जाते. त्यानंतर उपविभाग व जिल्हा पातळीवरील समित्या आणि मग यादीचा संगणक, असा त्या नावाचा प्रवास होतो. यादीत पत्नीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली, तर त्यांवरून ते नाव कोणालाही वाचता येणार नाही. समितीच्या मूळ कागदावर, अंगठ्याच्या शेजारी, ते शाईने लिहिलेले असेल तेथूनच ते पुन्हा उतरून घ्यावे लागेल.